पिडा पिणारा कोळसा

“पिवयं झालं! पाहा वो माय, पाणी पिवयं झालं!”

मारुतीच्या पारासमोर अख्खं गाव लोटलं होतं. बायका पुढे, माणसं मागे, पोरं लिंबाच्या फांद्यांवर. पारावर काचेची मोठी बरणी, दुकानात गोळ्या-बिस्किटं ठेवतात तसली. बरणीतल्या पाण्यात आनंदाबाईची सोन्याच्या मण्यांची एकदाणी बुडाली होती आणि पाण्याला हळूहळू पिवळा रंग चढत होता. बरणीच्या तोंडातून तांबूस धूर निघून लोभानाच्या धुरात मिसळत होता. पुढच्या रांगेतल्या बाया खोकून खोकून बेजार झाल्या होत्या.

“खांसी आ रही है? आने दो!” काजळनाथ महाराज गरजले. “खोकला नाही तो, माते. बरसों की पीडा है, बाहर निकल रही है! सोनं म्हणजे लक्ष्मीचं अंग. घरातली भांडणं, ढोरांचे रोग, कपाशीच्या पऱ्हाटीवरची अळी, सगळं जाऊन कुठं बसतं? सोन्यावर! अंगावर मैल, तो घर में मैल!”

महाराजांचं बोलणं मोठं गमतीचं. हिंदी गिरनारची, मराठी वरुडाकडची, आणि मध्येच शिष्यावर भडकले की शिवी अस्सल आपल्याकडची. पण लोक त्यांचं तोंड पाहत नव्हते, बरणी पाहत होते.

महाराजांनी चिमट्यानं एकदाणी बाहेर काढली, धुतली, हळदीत घोळवली आणि लाल फडक्यात गुंडाळून सर्वांसमोर आनंदाबाईच्या ओटीत टाकली. “महालक्ष्म्या बसतील त्या दिवशी उघडायची. त्याच्या आधी उघडली तर पिडा दुप्पट!”

मग बरणीतल्या पिवळ्या पाण्यात त्यांनी कमंडलूभर साधं पाणी ओतलं आणि झोळीतून, गिरनारचा म्हणत, मुठी भरभरून काळा कोळसा टाकला. ज्वारीच्या दाण्याएवढे बारीक तुकडे. लाकडी काठीनं ढवळत मंत्र म्हटले. कापसाचे ढीग मोजून व्हावेत इतका वेळ मंत्र चालले. आणि काय सांगू? पाणी निवळलं! पिवळेपणाचा मागमूस नाही. कार्तिकातल्या नाल्यासारखं स्वच्छ.

“पी गया! कोयला सारी पीडा पी गया!”

टाळ्या पडल्या. कुणी रडलं, कुणी नारळ फोडला. ते स्वच्छ पाणी पिऊन दाखवा असं मात्र महाराजांनी कुणाला सांगितलं नाही, आणि स्वतःही ते प्यायले नाहीत. शिष्यानं ते पाराच्या मागे ओतलं. तिथलं हिरवं गवत संध्याकाळपर्यंत करपून गेलं, तर लोकांनी त्या गवतालाही हात जोडले. काय पिडा होती, बापा!

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची. गाव नाचणगावच्या पलीकडचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर आमच्या गावात पोरी द्यायला कुणी यायचं नाही.

बरणीचा चमत्कार झाला तो पोळ्याचा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. आमच्याकडे पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या करतात. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्या उचलून ओरडत ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकायच्या, हीच आमची मारबत. घरातली ईडा-पिडा मारबतीबरोबर गावाबाहेर गेली, असं मानायचं. मागं वळून पाहायचं नाही, नाहीतर पिडा पाठोपाठ घरी येते. हे आमचे बाप करत होते, त्यांचे बाप करत होते. महाराजांनी नवीन काहीच आणलं नाही. त्यांनी फक्त आमच्या मारबतीत आपला कोळसा मिसळला.

आनंदाबाईमागून घरोघरचं सोनं तसंच बरणीत बुडून निघालं होतं, आणि घरोघरचा कोळसा घरोघरच्या मडक्यात भरला गेला. ज्या घरात गुंजभर सोनं होतं त्या घराचं मडकं तयार होतं. शिवेबाहेर नाल्यापलीकडे महाराजांची जीप उभी राहणार आणि शिष्य ती मडकी नेऊन वर्धा नदीत सोडणार, असं ठरलं.

मी सरपंच प्रेमदासला म्हटलं, “का गा प्रेमदास, पिडा नदीतच टाकायची तर आपल्या नाल्याले काय झालं? जीपमधी घालून पिडा नेणारा महाराज म्या पयल्यांदा पाह्यला.”

प्रेमदास हसला. “भैयाजी, तुमचा गोऱ्हा रेडिओवरच्या बातम्या ऐकून मान हलवे ना? मंग तुम्ही चूप बसा.”

त्याचं खरं होतं. मी जन्मभर थापा हाणल्या, पण फुकट हाणल्या, आणि लोकांनीही त्या थापा म्हणूनच ऐकल्या. खरं बोलायची वेळ आली तेव्हा गावाकडे माझ्यासाठी कान उरले नव्हते.

सकाळी मारबत निघाली. आनंदाबाईचं मडकं तिची सून वर्षाली डोक्यावर घेऊन चालली होती. पाठीमागं सगळं गाव.

“खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत! अळी-बोंडअळी घेऊन जाय गे मारबत!”

मडकी नाल्यापलीकडे ठेवली. कुणी मागं वळून पाहिलं नाही. जीप सुरू झाल्याचा आवाज सर्वांनी ऐकला आणि सर्वांना हलकं हलकं वाटलं. हलकं तर झालंच होतं गाव. किती, ते कळायला महालक्ष्म्या याव्या लागल्या.

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या तशी आनंदाबाईनं लाल फडकं सोडलं. हळद झटकून एकदाणी हातात घेतली आणि तिचा हात तसाच राहिला. बोराएवढे मणी तुरीएवढे झाले, असं म्हणणार नाही. तेवढी थाप मीही मारणार नाही. पण मणी खरखरीत झाले होते, बारीक झाले होते, आणि एका मण्याला तर आरपार भोक पडलं होतं. ही एकदाणी तिच्या सासूची. आनंदाबाई ती नुसती हातात घेऊन, न तोलता तिचं वजन सांगायची.

दुसऱ्याच दिवशी ती नवऱ्याला, लक्ष्मणरावांना घेऊन पुलगावला ताराचंद सेठच्या सराफी दुकानात गेली. तराजूत एकदाणी टाकल्याबरोबर सेठनं चष्मा वर केला.

“बाई, हे आपलंच दागिनं? म्याच तर गाठून दिलं होतं मागं. अर्धंबी नाही राह्यलं आता.”

दुकानात सेठची थोरली लेक बसली होती, प्रेरणा. पुलगावच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिनं भिंगातून मणी पाहिले.

“काकी, हे कशात भिजवलं होतं का?”

“भिजवलं नाई, बाई. पिडा काढली. महाराजांनी सगळ्या गावासमोर काढली अन् गावासमोरच परत देल्ली.” आनंदाबाईचा आवाज चढत गेला. “त्याच्यानंतर कपाटाची चाबी एकाच माणसाजवळ होती. आमच्या सूनबाईजवळ. अन् आष्टीले तिच्या माहेरी आत्ताच विहिरीवर नवी मोटर बसली. उद्या धाडते तिले तिकडंच. तिचा भाऊ बी उद्याच येते न्यायले.”

लक्ष्मणराव एकदाणी फडक्यात बांधत होते. प्रेरणा काही बोलणार तोवर आनंदाबाई दुकानाची पायरी उतरली होती.

गावात ही बातमी आमच्या चहाच्या आधी पोचली. वर्षालीला अंगणात उभं करून आनंदाबाई बोलत होती आणि शेजारणी भिंतीवरून ऐकत होत्या.

“खरं सांग, कुठं मोडलं?”

“आई, म्या हात नाई लावला. देवाशपथ.”

“देवाशपथ कायले घेतं? मोटरीची घे!”

वर्षालीनं नवऱ्याकडे पाहिलं. अंकुश बैलाच्या गळ्यातली घुंगरं उगाच सोडत आणि बांधत होता. “आई म्हणते तं…” एवढंच बोलला. वर्षाली वळली. आत गेली आणि पिशवी भरू लागली.

आता गंमत बघा. गमतीला गंमत म्हणायची लाज वाटते, तरी बघा. महालक्ष्म्यांना दागिने फक्त आनंदाबाईनंच उघडले नव्हते. घरोघरी लाल फडकी सुटली होती आणि घरोघरी बायांचे हात तसेच थबकले होते. पण ओरड कुठूनच आली नाही. प्रत्येक घरानं आपापला चोर शोधून काढला होता, आणि प्रत्येक घरानं आपापला चोर झाकून ठेवला होता. महाराजांवर शंका घ्यायची तर पाप लागतं. घरच्यांवर घेतली तर काय लागतं? काहीच नाही. घरचं माणूस फुकट असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा मॅडम लुना घेऊन गावात आल्या. आमच्या गावची पोरं त्यांच्या कॉलेजात, त्यांच्याकडून बरणीची आणि कोळशाची सगळी हकिगत त्यांनी काढून घेतली होती. डिकीत दोन काळ्या बाटल्या, एक काचेचा पेला आणि कागदाची पुडी. सरळ पारावर आल्या, मला म्हणाल्या, “काकाजी, लोकांना बोलवा ना. महाराजांचा चमत्कार मीही करते म्हणावं.”

असं बोलावणं मला चांगलं जमतं. घटकाभरात पार भरला. आनंदाबाई यायला तयार नव्हती. शेजारची शकुबाई तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “चोरी घरात अन् तमाशा पारावर! मी तं जाते बाप्पा पाह्यले,” तेव्हा आली. वर्षाली पिशवी घेऊन पाराच्या ओट्याच्या टोकाला उभी राहिली. तिचा भाऊ दुपारच्या एसटीनं येणार होता.

मॅडमनी पेल्यात दोन्ही बाटल्यांतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, ओतलं, आणि वडिलांच्या दुकानातून आणलेला सोन्याचा बारीकसा तुकडा त्यात टाकला. सगळ्यांना मागं सरकायला लावलं. तांबूस धूर निघाला. खोकला आला. पाणी पिवळं झालं.

“हेच! असंच झालतं!” पोरं ओरडली.

“यातलं एकटं कुठलंही तेजाब सोन्याला हात लावत नाही,” मॅडम म्हणाल्या. “ही दोन एकत्र केली की सोनं साखरेसारखं विरघळतं. पिवळेपणा पिडेचा नाही, सोन्याचा. धूर तेजाबाचा.” मग त्यांनी भरपूर पाणी ओतून पुडीतला काळा चुरा टाकला. “आणि हा कोळसा गिरनारचा नाही. नारळाच्या करवंटीचा आहे. आमच्या घरच्या पाण्याच्या फिल्टरमधला.”

ढवळता ढवळता त्या बोलत होत्या. “हा कोळसा खास भाजलेला असतो. आतून नुसती भोकंच भोकं, डोळ्यांना न दिसणारी. अशा मूठभर कोळशाच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या ना, तर तुमचं वावर झाकलं जाईल. विरघळलेलं सोनं त्या भिंतींवर जाऊन बसतं आणि तिथंच पुन्हा सोनं होतं. फिल्टरच्या कोळशावर चांदी अशीच बसवलेली असते, जंतू वाढू नयेत म्हणून. औषधांच्या कारखान्यात महागडे धातू असेच कोळशावर चढवून वापरतात. यात जादू काहीच नाही. फक्त कोळसा काळा राहतो, आणि आतलं सोनं दिसत नाही.”

पेल्यातलं पाणी स्वच्छ झालं.

शकुबाईनं तोंडावर पदर धरला. “मंग आमच्या मडक्यात…”

“तुमच्या मडक्यात तुमचं सोनं होतं, मावशी. ते तुम्ही डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, त्याच्या जीपपर्यंत पोचवलं.”

वर्षालीनं पहिल्यांदा मान वर केली.

पण प्रेमदास सरपंच असा सहजासहजी ऐकणारा माणूस नाही. “मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या. पाणी कोणीबी पिवयं करू शकते. पण महाराजांच्या कोयशात सोनंच होतं, पिडा नव्हती, हे कशावरून? कोयसा कुठं आहे?”

मॅडमनी पेला खाली ठेवला. “महाराजांच्या कोळशाचा एक खडा जरी मिळाला असता,” त्या म्हणाल्या, “तर तुमच्यासमोर जाळून दाखवला असता. सांडला का कुणाचा? उरला का कुठं?”

उरला नव्हता. मडकी झाकून नेली होती, वरून शेणानं लिंपली होती. पिडा सांडायची कुणाची छाती होती?

“मंग बोलणंच खुटलं,” प्रेमदास उठला. लोकही हलू लागले. आनंदाबाई जमिनीकडे पाहत बसली होती. वर्षालीनं पिशवी उचलली आणि फाट्याच्या दिशेनं चालू लागली. मोठ्यानं रडत नव्हती. पण पदरानं तोंड झाकलं नव्हतं, हे मला दिसलं. चोर म्हणून निघालेली बाई तोंड झाकते.

“थांब.”

आनंदाबाईचा आवाज इतका बारीक होता, की मॅडमनाच तो ऐकू आला. “काय म्हणता काकी?”

“कोयसा आहे.”

“कुठं?”

आनंदाबाई वळली. तिनं हात उचलला आणि बोट दाखवलं. बोट शकुबाईच्या घराकडे होतं. घराच्या छपरावरच्या कवेलूंकडे.

शकुबाई आधी समजली नाही. “माह्या घरावर? माह्या घरावर कोयसा कुठून येईन?”

“म्या टाकला,” आनंदाबाई म्हणाली. “मडकं लिंपायच्या आधी दोन मुठी काढला अन् भिंतीवरून तुह्या कवेलूवर फेकला.”

“कायले वो?”

“तुह्या पऱ्हाटीले बोंडं जास्त होती म्हून.”

असं वाक्य कुणाच्याही तोंडून भर पारावर निघू नये. गावात भांडण-तंटे होतात, बांध कोरले जातात, पण आपल्या घरची पिडा शेजारणीच्या छपरावर टाकली, हे मरतानाही कुणी कबूल करत नाही. आनंदाबाईला ते कबूल करावं लागलं. कबूल केलं नसतं, तर कुणाला कधीच कळलं नसतं, आणि सून फाट्यावर पोचली असती. कोळसा आहे हे तिला मॅडमनी विचारल्या क्षणापासून माहीत होतं. ती बोलली ती वर्षालीची पाठ दिसल्यावर.

शकुबाईनं एकदा आपल्या छपराकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवला. “शिडी आण रे अंकुश! पाहू दे माह्यावर किती पिडा होती ते!”

हा गलका ऐकून वर्षाली वाटेतून परत आली आणि पाराजवळ उभी राहिली. अंकुश चढला. मध्ये पाऊस होऊन गेला होता, पण कवेलूंच्या पन्हळीत कचऱ्याबरोबर काळे दाणे अडकून बसले होते. मॅडम म्हणाल्या, “पावसानं धुतलं तरी सोनं सुटत नाही, घाबरू नका.” त्यांनी अंकुशलाच मोटरसायकलवर पुलगावला पिटाळलं. ताराचंद सेठ दुकान बंद करून आले, सोबत शेगडी, फुंकणी आणि सोनं वितळवायची मातीची मूस.

“बेटी, या उमरमधी म्या कोळसा भाजायले आलो,” सेठ पुटपुटले, पण बसले.

कोळसा जळून राख होईपर्यंत कुणी हललं नाही. आनंदाबाई आणि शकुबाई एकाच ओट्यावर बसल्या होत्या, मध्ये माणूस बसेल इतकी जागा ठेवून. राख मुशीत गेली, वर सोनाराचा टाकणखार पडला. सेठ फुंकत राहिले, त्यांचे गाल लाल झाले. मग मूस कलती केली.

दगडावर एक थेंब पडला आणि गोल झाला. मोहरीएवढा. पिवळा. निवल्यावर सेठनं तो नखानं घासला, चष्म्याजवळ धरला आणि सरपंचाकडे सरकवला.

“घ्या प्रेमदासजी. तुमची पीडा. बावन्नकशी आहे.”

कुणी हसलं नाही. शकुबाईनं हसायचा प्रयत्न केला, “आनंदा, अशी पिडा टाकतच जाय वो माह्या घरावर,” पण शेवटच्या शब्दाला तिची नजर आपल्या दाराकडे गेली. तिच्याही घरात एक लाल फडकं होतं.

“और किसका सोना हलका झाला?” सेठनं विचारलं.

लोक एकमेकांचे पाय पाहू लागले. शेवटी हात वर केला तो प्रेमदासनं. ज्यानं पुरावा मागितला त्यानंच.

“माह्या घरी बी.” त्याच्या हातात तो मोहरीएवढा थेंब तसाच होता. “म्या रूपरावले घरातून काढलं.” रूपराव म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. “तवापासून तो वावरातल्या ढोरांच्या कोठ्यात राहून राह्यला. म्या त्याले… म्या त्याले पोरांसमोर हाणलं.”

मग एक एक हात वर येत गेला. कुणी गड्याला काढलं होतं, कुणी लेकीच्या पेटीची झडती घेतली होती. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या बायकोवरच संशय घेतला होता, आणि ती बाई त्याच्याशेजारीच बसून होती. महाराजांनी सोनं नेलं ते नेलंच. पण घरोघरी त्यांनी जे मागं टाकलं होतं, ते कुठल्या मुशीत घालून काढायचं, हे ताराचंद सेठलाही माहीत नव्हतं.

आनंदाबाई उठली. वर्षालीसमोर जाऊन वाकली. वर्षाली दोन पावलं मागे सरली.

“नका, आई.”

“माह्यावर राग काढ. बोल काही तरी.”

वर्षालीनं आधी नवऱ्याकडे, मग आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. मी त्या वेळी खाली पाहत होतो. पण आवाज कानात गेलाच.

“मी चोर नाई, हे कोयशानं सांगितलं. तुमच्यापैकी कोणी सांगितलं नाई.”

तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. तिचा भाऊ आला होता.

“जाते मी,” ती म्हणाली. “तुम्ही धाडली म्हून नाई, माह्या मनानं जाते. परत यायचं का नाई, तेबी माह्या मनानंच पाहीन.”

अंकुश तिची पिशवी उचलायला गेला. तिनं पिशवी त्याच्या हातात दिली नाही. तो तरीही फाट्यापर्यंत तिच्यामागं चालत गेला.

पोलिसांत तक्रार दिली. काजळनाथ महाराज काही सापडले नाहीत. आज कुठल्या गावात कुठल्या नावानं बरणी मांडून बसले असतील, कोण जाणे. म्हणून हे लिहितो आहे. सोनं पाण्यात टाकायला सांगणारा कुणी आला तर हात जोडण्याआधी त्याला विचारा, की बाबा, पाण्यात काय आहे? दागिना देण्याआधी तोला आणि घेतल्यावर तोला. त्याच्या चमत्काराला जे कारण आहे ते तुमच्या शाळेतल्या मास्तरला, कॉलेजातल्या मॅडमला माहीत असेल. जाऊन विचारायला एसटीचं तिकीट पुरतं. आणि प्रश्न विचारून देव कोपत असेल तर कोपू द्या. न विचारता जो कोप घरातल्या माणसावर होतो, तो आमच्या गावानं पाहिला आहे. घरच्या माणसाला चोर म्हणण्याआधी बाहेरच्या महाराजाला एक, फक्त एक, प्रश्न विचारा.